जाळं सुटलं, पुढे काय?

शिकाऱ्यानं जमिनीवर दाणे टाकले आणि वर जाळं पसरलं. पाखरं दाण्यांना भुलली, खाली उतरली आणि अडकली. रडारड सुरू झाली. मग त्यांच्यातल्या एका शहाण्या पाखराला युक्ती सुचली. सगळ्यांनी मिळून एकदम पंख मारले आणि जाळ्यासकट आख्खा थवा आकाशात! लांबच्या एका गावात त्यांचे उंदीर दोस्त राहत होते. त्यांनी कुरूकुरू जाळं कुरतडलं, पाखरं मोकळी झाली आणि त्यांची गोष्ट संपली.

संपली कशी? जाळं सुटल्यावर ती पाखरं गेली कुठे? पुन्हा एकत्र उडाली का? आणि उडाली असतील तर आता ‘चला, उडा’ म्हणून त्यांना कोण सांगत होतं?

तुमच्यापैकी काहींनी ओळखलंच असेल, ही गोष्ट दाखवणारं कार्टून म्हणजे ‘एक, अनेक और एकता’. फिल्म्स डिव्हिजननं १९७४ साली काढलेली ही जेमतेम सात मिनिटांची चित्रफीत. घरी आईबाबांना, आजीआजोबांना नुसतं नाव सांगा, ते गाणं गुणगुणायला लागतील. दूरदर्शन हे एकच चॅनेल होतं त्या काळात ही फिल्म सगळ्या देशानं कितीतरी वेळा पाहिली. दिग्दर्शन भीमसेन यांचं, चित्रं राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. फिल्म हिंदीत असली तरी तिच्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत. तिच्यामागची मूळ कल्पना होती विजया मुळे यांची. मुलांना पडद्यावरून शिकवता येतं, या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. संगीत सिंधुदुर्गातल्या वसंत देसाईंचं. त्यातल्या छोट्या मुलीचा गोड आवाज आहे साधना सरगम यांचा. त्या मूळच्या दाभोळच्या आणि तेव्हा पाचेक वर्षांच्या होत्या! गोष्ट तर फार जुनी, पंचतंत्रातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि त्याचा मित्र हिरण्यक नावाचा उंदीर आहे.

या कार्टूनचा दुसरा भाग काढायचा झाला तर त्यात काय दाखवावं? मला तो भाग आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दिसतो. दर हिवाळ्यात, ज्वारीच्या रानावर, उघड्या आभाळात. पण तिकडे जाण्याआधी पहिल्या भागाचा थोडा हिशोब तपासू. गोष्ट कितीही आवडली तरी विज्ञानवाल्यांनी हिशोब सोडायचा नाही.

पाखरं जाळं उचलू शकतील का? समजा, जाळं एक किलोचं आहे आणि पाखरं पन्नास. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम. साळुंकीपेक्षा थोडं लहान पाखरू धरलं तर त्याचं वजन साधारण ७० ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी ओझं झालं हे. लांबच्या प्रवासाला निघणारे काही छोटे पक्षी अंगात इतकी चरबी साठवतात की त्यांचं वजन निम्म्यानं वाढतं, तरीही ते उडतात. म्हणजे नुसत्या ओझ्याच्या हिशोबात गोष्ट अगदीच अशक्य नाही.

खरी अडचण दिशेची. चौघांनी चादरीचे चार कोपरे धरा आणि आपापल्याकडे ओढा. चौघांची ताकद लागते, चादर मात्र जागची हलत नाही, कारण समोरासमोरचे जोर एकमेकांना खाऊन टाकतात. आता चौघेही एकाच बाजूला ओढा, चादर सरकन् निघेल. जोराला नुसता आकडा नसतो, दिशाही असते. पन्नास पाखरांतली पंचवीस पूर्वेला आणि पंचवीस पश्चिमेला फडफडली तर जाळं तिथेच राहणार. त्या शहाण्या पाखरानं सांगितलेली युक्ती म्हणजे भौतिकशास्त्राचा चोख धडा आहे: सगळे एकदम आणि सगळे एकाच दिशेला. (एक गोष्ट मात्र कार्टूनमध्येच जमते. खऱ्या जाळ्यात पंखच गुरफटतात, ते पसरायला जागाच उरत नाही. म्हणून जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर त्याच्या युक्तीची वाट बघू नका. मोठ्यांना बोलवा आणि दोरे हळूच कापून सोडवा.)

आता जाळं सुटलंय. चला अहिल्यानगरच्या रानात.

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी, इकडे पाऊस बेताचा. पावसाळा सरता सरता जमिनीत जी ओल उरते तिच्यावर रब्बीची ज्वारी पेरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं अशा कोरडवाहू रानांसाठी ‘फुले वसुधा’, ‘फुले अनुराधा’ असे वाण काढले आहेत. डिसेंबर-जानेवारीत कणसं भरतात, दाणे चिकात येतात, हुरड्याच्या आगट्या पेटतात. नेमक्या त्याच वेळी हुरड्याला न बोलावलेले पाहुणेही हजर होतात. भोरड्या!

भोरडी म्हणजे साळुंकीची चुलत बहीण. अंग फिकट गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे वळलेला तुरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की भोरड्या तिथे मध प्यायला गर्दी करतात, म्हणून त्यांना पळसमैना असंही म्हणतात. त्यांचं माहेर मध्य आशियात, कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ माळांवर. मे-जूनमध्ये तिकडे दगडांच्या कपारीत हजारोंच्या संख्येनं घरटी करायची, पिल्लं उडती झाली की पावसाळ्यातच भारताची वाट धरायची, आणि एप्रिलच्या आसपास परत जायचं. म्हणजे वर्षातले जास्त महिने त्या आपल्याकडेच असतात. मी तर त्यांना आपल्याच म्हणते.

शेतकरीदादांना त्या आपल्या वाटत नाहीत, आणि ते साहजिक आहे. भोरड्यांचा एक थवा कणसांवर उतरला की बघता बघता ताटं रिकामी होतात. म्हणून शेतात माळा बांधायचा, त्यावर उभं राहून दिवसभर पाखरं राखायची, गोफणीतून दगड भिरकावायचा, डबे वाजवायचे. आजही कुठे कुठे तुमच्या वयाची मुलं शाळेआधी माळ्यावर उभी असतात. पण भोरडीची दुसरी बाजूही ऐका. ती टोळ आणि नाकतोडे अधाशासारखे खाते. चीनच्या शिंजियांग भागात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून माणसांनी मुद्दाम तिच्यासाठी घरटी बांधून दिली आहेत. तिकडे मानाची पाहुणी, इकडे गोफणीचा दगड. पाखरू तेच.

मला दाखवायचं आहे ते संध्याकाळचं दृश्य. दिवस मावळायला आला की आसपासच्या रानांतून छोटे छोटे थवे निघतात. वीस, पन्नास, दोनशे. बाभळीच्या बनाकडे किंवा उसाच्या फडाकडे, जिथे रात्रीचा मुक्काम असेल तिथे, ते एकमेकांत मिसळत जातात. मग हजारो भोरड्या एकत्र गिरक्या घेतात. आभाळात कुणी मोठी काळी ओढणी झटकावी तसा तो थवा ताणतो, आकसतो, वळतो, मध्येच गडद होतो, मध्येच विरळ. इतक्या वेगात, इतक्या दाटीत, आणि धडक नाही!

हे जमतं कसं? यांचा कप्तान कोण? जाळ्यातल्या पाखरांना एक शहाणं पाखरू होतं. या हजारोंना ‘आता डावीकडे’ असं कोण सांगतं?

मोठमोठी माणसंसुद्धा या प्रश्नानं चक्रावली होती. एडमंड सेलूस नावाच्या इंग्रज पक्षिनिरीक्षकानं वर्षानुवर्षं थवे पाहिले आणि १९३१ साली एक पुस्तक लिहिलं. त्याला वाटलं, पक्ष्यांच्या मनातले विचार थेट एकमेकांच्या मनात जात असावेत! हसू नका. इतकं बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला दुसरं काहीच कारण सापडलं नाही, यावरून ते दृश्य किती गूढ वाटत असेल ते समजा.

उत्तराचा मोठा तुकडा मिळाला इटलीत. रोम शहरात हिवाळ्यात स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे येतात. स्टार्लिंग हे भोरडीचे जवळचे नातेवाईक. आंद्रेआ कावान्या, इरेने जार्दिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संग्रहालयाच्या गच्चीवर एकमेकांपासून लांब असे कॅमेरे बसवले. आपल्याला दोन डोळ्यांमुळे जसं अंतर कळतं, तसंच दोन जागांवरून एकाच क्षणी काढलेल्या फोटोंवरून कुठला पक्षी किती जवळ, किती लांब हे मोजता येतं. सेकंदाला दहा फोटो! हजारो पक्ष्यांतल्या एकेकाची जागा कॉम्प्युटरवर मांडायची, म्हणजे काय कष्ट असतील! या गटातले जॉर्जो पारिसी यांना पुढे २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

२००८ साली या गटानं जे छापलं ते मला फार आवडतं. थव्यातला पक्षी सगळ्या थव्याकडे बघत नाही. तो फक्त आपल्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. शेजारी वळले की हा वळतो, हा वळला की याच्याकडे बघणारे वळतात. कप्तान नाही, हुकूम नाही, मोजणी नाही. आणि यातली खुबी बघा. ‘एक मीटरच्या आतले सगळे’ असा त्याचा नियम नसतो. शेजारी जवळ असोत की लांब, सहा-सातच. ससाण्यानं झडप घातली आणि थवा ताणला गेला, पक्षी एकमेकांपासून लांब गेले, तरी नातं तुटत नाही, कारण ते अंतरावर बांधलेलंच नव्हतं. थवा पांगतो आणि पुन्हा जुळतो.

ससाण्याच्या बाजूनंही विचार करू. त्याला एक पक्षी निवडून त्याच्यावर नजर रोखायची असते. समोर हजार एकसारखे हलताहेत, एकावर नजर ठेवली की तो दुसऱ्याच्या आड जातो. हे समजायला एक प्रयोग पुरे. मित्राला एक चेंडू फेका, तो झेलेल. त्याच्याकडे सहा चेंडू एकदम फेका, बहुतेक वेळा एकही झेलता येणार नाही. थव्यात ससाणा शिरला की आणखी एक गंमत दिसते. एका टोकाच्या पक्ष्यांनी अंग तिरकं केलं की शेजारचे तिरके होतात, मग त्यांच्या शेजारचे, आणि थव्यातून काळसर लाट झरझर निघून जाते. कुठलाही पक्षी त्या लाटेबरोबर टोकापर्यंत जात नाही. पुढे जाते ती फक्त खबर.

आता विचार करा, हे दृश्य दुसऱ्या भागात घ्यायचं तर चित्रकारांचं काय होईल?

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर पडतात. सगळी स्थिर, पण प्रत्येकात किंचित बदल. ती इतक्या भरभर येतात की आपला मेंदू त्यांना जोडून टाकतो आणि आपल्याला हालचाल दिसते. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, गुणिले २४, झाली १०,०८० चित्रं. कार्टूनवाले थोडी बचत करतात, एकच चित्र लागोपाठ दोनदा वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ नवी चित्रं पुरतात. तरी सात मिनिटांना पाच हजारांवर झाली! पार्श्वभूमी वेगळी, तिच्यावर पारदर्शक कागदांवर काढलेली पात्रं, आणि प्रत्येक चित्राचा कॅमेऱ्यानं वेगळा फोटो, अशी ती पद्धत होती. पाखराची पंख वर, पंख मध्ये, पंख खाली अशी थोडी चित्रं काढून तीच पुन्हा पुन्हा फिरवायची, ही आणखी एक युक्ती.

पण भोरड्यांच्या थव्याला ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे प्रत्येक पाखराची वाट वेगळी. हजार भोरड्या, सेकंदाला १२ चित्रं, एक मिनिटाचं दृश्य. करा गुणाकार: ७,२०,००० पाखरं. तीसुद्धा एकमेकांना न धडकणारी! १९७४ साली कुणी हे करायला सांगितलं असतं तर चित्रकार पेन्सिल टाकून पळालेच असते.

वाट सापडली १९८६ साली. क्रेग रेनल्ड्स या अमेरिकन माणसानं एकही थवा काढला नाही. त्यानं कॉम्प्युटरमध्ये छोटे छोटे ‘बॉइड’ बनवले आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी शिकवल्या. शेजाऱ्याला धडकू नकोस. शेजारी ज्या दिशेनं, ज्या वेगानं चाललेत तसाच चाल. शेजाऱ्यांच्या मध्याकडे थोडा सरक. बस्स! थवा कसा दिसावा, कधी वळावा, याबद्दल एक अक्षर नाही. सुरू केल्याबरोबर पडद्यावर थवा तयार झाला, अडथळ्यापाशी दुभंगला आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाला. १९८७ साली या युक्तीवर ‘स्टॅनली अँड स्टेला’ नावाचं छोटं कार्टून निघालं, त्यात पाखरांचा एक थवा आहे आणि माशांचाही. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ सिनेमातली वटवाघळंही याच कल्पनेवर उडतात. गंमत लक्षात आली का? रोमच्या गच्चीवरून खरे थवे मोजले गेले त्याच्या वीसेक वर्षं आधीच एका कार्टूनवाल्यानं उत्तराच्या जवळ हात नेला होता. चित्र हलवायचं म्हटलं की आधी खरी वस्तू का हलते ते शोधावं लागतं. म्हणून कार्टून काढणाऱ्यांना मी शास्त्रज्ञांच्या रांगेत बसवते.

एक विचार मात्र मला छळतो. आपला दुसरा भाग तयार झाला आणि भोरड्यांनाच दाखवला तर? त्यांना तो पाहवणार नाही! स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली काही छोट्या पक्ष्यांपुढे दिवे भराभर लुकलुकवून पाहिले. आपल्याला ज्या वेगात दिवा सलग पेटलेला वाटतो, त्या वेगात त्या पक्ष्यांना तो चक्क चालू-बंद होताना दिसत होता. सेकंदाला शंभराहून जास्त लुकलुकी ते वेगळ्या ओळखू शकत होते. अशा डोळ्यांना आपला २४ चित्रांचा सिनेमा म्हणजे तुटक तुटक फोटोच. भोरडीचे डोळे असे तपासले गेल्याचं मी वाचलेलं नाही, पण दाट थव्यात शेजारणीचा पंख कणभर कलला तरी कळायचं, तर डोळे फार चपळ लागणारच.

तर मग काढायचा का दुसरा भाग? मी थट्टा करत नाही. आपल्या महाराष्ट्राला याची जुनी सवय आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवून वाढताना चित्रित केलं होतं, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाच्या फिल्ममध्ये आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. पुण्याच्या प्रभात कंपनीनं १९३४ साली ‘जंबूकाका’ हे कार्टून काढलं. फाळक्यांकडे नव्हता असा कॅमेरा आज घरोघरी मोबाइलमध्ये आहे.

आपण पाखरं करू ज्वारीच्या दाण्यांची. काळी घोंगडी जमिनीवर अंथरा. तिच्या खरखरीत लोकरीत दाणे घरंगळत नाहीत आणि काळ्यावर पांढरे उठून दिसतात. मोबाइल वरून खाली बघेल असा स्टुलाच्या कडेला पुस्तकांखाली पक्का दाबून ठेवा, पुढे त्याला हलवायचं नाही. खिडकीपासून लांब, ट्यूबलाइटच्या उजेडात बसा, नाहीतर ऊन सरकेल तसा चित्राचा रंग बदलत जाईल. चाळीस दाणे पुरेत. आठ जण जमा आणि प्रत्येकानं पाच दाणे सांभाळा. दाणा सरकवायचा आगकाडीनं, एका वेळी ज्वारीच्या दाण्याएवढंच अंतर. सगळ्यांचं सरकवून झालं की हात मागे आणि एक फोटो. असे बारा फोटो म्हणजे एक सेकंद. फोटो जोडून देणारी ‘स्टॉप मोशन’ची ॲप मोबाइलवर फुकट मिळतात.

नियम रेनल्ड्सचेच, पण प्रत्येक दाण्याचे सात शेजारी बघत बसलात तर रात्र होईल, म्हणून जवळचे तीनच बघा. फार जवळ आलात तर थोडं लांब व्हा, शेजारी जिकडे चाललेत तिकडेच चला, एकटे पडलात तर त्यांच्याकडे सरका. आणि सगळ्यात कडक नियम असा, की ‘आता सगळे डावीकडे घ्या रे’ असं कुणी कुणाला सांगायचं नाही. पूर्ण खेळभर गप्प! थवा कुठे जाणार हे तुमच्यापैकी कुणालाच आधी माहीत नसलं पाहिजे.

पहिल्यांदा दोनच सेकंदांची फिल्म करा, चोवीस फोटोंची. ती जमली की एक चिंचोका घ्या. हा ससाणा. त्याला कडेनं आत शिरू द्या आणि त्याच्या सर्वांत जवळचे दाणे आधी दूर सरकवा. त्यांच्या शेजारचे दाणे त्या फोटोत मुळीच हलवू नका, पुढच्या फोटोत हलवा, आणि आणखी आतले त्याच्याही पुढच्या. मग फिल्म लावा आणि दाण्यांकडे न बघता दाण्यांमधून काय पळतंय ते बघा. लाट दिसली नाही तर चिंचोका फार घाईनं शिरलाय, त्याला निम्म्या वेगानं आणा आणि पुन्हा करून बघा.